कल्हई उडालेला टोप

संपाच्या आधी आमच्या घरात जेवण कधी संपायचंच नाही. आई खाणावळ चालवायची. खाणावळ म्हटल्यावर कुणी बाकडी आणि दारावरची पाटी डोळ्यांसमोर आणू नये. काळाचौकीच्या चाळीतली एक खोली, तिला लागून चिंचोळी गॅलरी, आणि तेवढ्यात आई, बाबा, बाबांचा धाकटा भाऊ बाळाकाका, मी आणि आमच्या गावचे पाच गडी. त्यांची बायकापोरं कोकणात. वळकट्या गॅलरीत आणि जेवण आमच्याकडे. बाळाकाका धरून सगळे गिरणीत, पण कुणी पहिल्या पाळीला, कुणी दुसऱ्या, कुणी तिसऱ्या, त्यामुळे एकाचं ताट उचलेपर्यंत दुसऱ्याचं मांडायची वेळ व्हायची. भोंगा झाला की आई घड्याळाकडे न बघता तवा चढवायची. पाट्यावर वाटपाचा घर्रघर्र आवाज, स्टोची फुरफुर आणि तव्यावर बोंबील पडल्यावरचा तो चर्र, ह्या तीन आवाजांत माझा सगळा अभ्यास झाला. आज शीवच्या माझ्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता असते, की मला दोन ओळी वाचायच्या तरी रेडिओ लावावा लागतो. सूनबाई हसते.

मग संप झाला आणि भोंगा बंद पडला. सगळ्यांत आधी काय बदललं असेल तर हे, की सगळे एकदम जेवायला बसू लागले. दुपारी सात धिप्पाड माणसं मांडीला मांडी लावून बसायची आणि खोली भरून जायची. पहिले काही आठवडे त्यातही मजा होती. सभांच्या गोष्टी, घोषणा, कोण काय बोललं त्याची नक्कल. बाळाकाका नकला फार छान करायचा. मग हळूहळू बोलणं आटत गेलं. गावाहून येणारे नारळ येईनासे झाले आणि आमच्या सोलकढीतलं खोबऱ्याचं दूध गेलं. नुसतं कोकमाचं पाणी, त्यात मीठ, मिरची आणि ठेचलेली लसूण, त्यालाच आम्ही सोल म्हणू लागलो. कुणी तक्रार केली नाही. सोलाचा रंग मात्र पूर्वी गुलाबी असायचा, तो आता लालभडक दिसायचा.

बाबा मागावर होते. चार माग एकदम सांभाळणारा माणूस, त्याचे हात रिकामे ठेवले तर तो घरात उभा राहील कसा? सकाळची सभा आटपून दहा वाजता परत आले की ते खोलीत येरझाऱ्या घालायचे आणि आईच्या पायात यायचे. शेवटी एके दिवशी आई वैतागून म्हणाली, "नायतर असा करा, भांडी तरी घासा." ती चेष्टेत म्हणाली होती. बाबांनी मनावर घेतलं. पहिल्या दिवशी गॅलरीला जुनं धोतर आडवं बांधून, त्याच्याआड बसून, म्हणजे समोरच्या चाळीतल्या बायकांना दिसू नये म्हणून. आठवड्याभरात धोतर निघालं आणि पाचही गडी रांगेने भांडी घ्यायला लागले. नारळाच्या जुन्या सोडणांचा काथ्या, विटेची पूड, चिंच. गिरणीत यंत्र पुसायची जी शिस्त, तीच इथे. एक घासणार, एक विसळणार, एक उन्हात मांडणार. आमची आतून काळवंडलेली, पोचे आलेली पितळी भांडी अशी लखलखायला लागली, की माळ्यावरच्या म्हाताऱ्या मुद्दाम बघायला यायच्या. बाबांचा आवडता म्हणजे मोठा टोप, वीस माणसांच्या भाताचा. तो त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी घासू दिला नाही.

हे सगळं पुढेही आईच्या नजरेसमोर चाललं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याच सुमारास माझी मावशी बाळंत झाली. शीवच्या इस्पितळात तिच्यापाशी बसायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आई तिकडे राहायला गेली आणि खाणावळ पुरुषांच्या हाती आली. मी कॉलेजला होते, बारावी सायन्स, सकाळचे तास. स्वयंपाकात हात लावला की बाबा म्हणायचे, "तू अभ्यास कर. आमी आसंव." एकूण त्यांचं बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू. तुकारामदादा, गिरणीच्या रंगखात्यातले, भाकऱ्या आईपेक्षा गोल थापायचे.

त्या दिवशी दुपारी भात, सुक्या जवळ्याची चटणी आणि सोल होतं. बाळाकाका सकाळीच सोलात मीठ-मिरची कालवून, इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी गेला होता. मी वाढत होते, आमच्याकडे बायका मागाहून बसायच्या. गर्मी होती, सगळ्यांनी आधी सोलच घटाघटा प्यायलं. गणपत, पाच जणांतला सगळ्यात तरुण आणि तापट, तोंड वाकडं करून म्हणाला, "ह्या कसला लागता? पैसो चाटल्यावरी लागता." बाबा म्हणाले, "पी गप. नारळ नाय, म्हणान तुका तसा लागता." पंधरा मिनिटं झाली नसतील, गणपत मोरीकडे धावला. त्याच्यामागून तुकारामदादा. मग एकेक करत सगळे. बाबा भिंतीला धरून उभे राहायचा प्रयत्न करत होते. सहा माणसं पोट धरून ओकत होती आणि घरात उभी अशी मी एकटी. मी गॅलरीत धावत जाऊन हाका मारू लागले.

चाळीतले डॉक्टर धावत आले. संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले, कुणाला काही झालं नाही. पण जाताना डॉक्टर "विषबाधा" हा शब्द बोलून गेले आणि तो खोलीत राहिला. विषबाधा म्हणजे विष, विष म्हणजे कुणीतरी घातलेलं. त्या दिवसांत माणसं कशावरही विश्वास ठेवायला तयार होती. आणि मग गणपत म्हणाला, की त्याच्या ओळखीच्या एकाने सकाळी बाळाला गिरणीच्या गेटवर रांगेत पाहिलं. कामावर परत जाणाऱ्यांची नावं घेत होते, त्या रांगेत.

संध्याकाळी काका आला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बाबांनी त्याला दारातच अडवलं.

"सोलात काय घातलंस सकाळी?"

"मीठ. नि मिरची. तूच सांगलंस ना? नि काय घालतलंय?"

"तू जेवलंस नाय आज."

"माका भूक नाय होती, दादा. काय झाला काय?"

"खय गेल्लंस?"

काका गप्प राहिला. तेच वाईट झालं. तो काहीही बोलला असता, खोटंही चाललं असतं, पण तो खाली बघत गप्प उभा राहिला. बाबांनी त्याची वळकटी उचलून गॅलरीत फेकली. "मालकान काय दिल्यान तुका, सहा माणसांका ओकवूक? चल, नीघ हयसून. ह्या घरात तुका अन्न नाय." ज्या भावाला त्यांनी गावाहून हाताला धरून आणलं, गिरणीत चिकटवलं, त्याला. काकाने वळकटी उचलली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेला. प्रभादेवीला गावच्या एकाच्या खोलीवर तो राहतो, असं दोन दिवसांनी कळलं. आणि हेही कळलं की गोष्ट चाळीबाहेर गेली आहे, दोघा-चौघांनी त्याला रस्त्यात गाठायचं ठरवलं आहे. मला काकाची काळजी वाटू लागली.

मी शीवला आईकडे गेले. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त एक प्रश्न विचारला.

"कोकमां कशात भिजत घातलेली?"

"मोठ्या टोपात. रात्री. बाबांनी."

"चिनी बरणीत नाय?" ती उठून उभीच राहिली. "त्या टोपाक आतसून कल्हय आसा काय बघ. ह्यांनी घासून घासून काढली असतली. कळाकला असतला ता सोल, दुसरा काय!"

कळकणं हा शब्द आता घराघरांतून गेला. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे त्या काळी प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि म्हणूनच वर्षातून दोनदा कल्हईवाला भाता घेऊन गल्लीत बसायचा आणि भांड्यांना आतून पांढरा मुलामा द्यायचा. पुरुषांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी भांड्यात शिजलेलं फक्त खाल्लं होतं. घरी येऊन मी टोप फळीवरून काढला. आतून तो सोन्यासारखा पिवळाधमक होता. पांढऱ्याचा एक ठिपका शिल्लक नव्हता.

मी धावत बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कळाकला म्हणजे चव बिघडता. माणसां ओकनत नाय. गावाक आमी जल्मभर पितळेतच जेवलंव. तू काकाची बाजू घेतंस, ता माका कळता." गणपत तर म्हणाला, म्हातारी माणसं तांब्याच्या कळशीतलं पाणी मुद्दाम पितात, त्यांना कसं काही होत नाही? तोच प्रश्न घेऊन मी कॉलेजातल्या कानिटकर मॅडमकडे गेले.

मॅडम आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. दादरच्या, कडक, पांढरी सुती साडी, आणि प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना खपायचं नाही. मी त्यांना विषबाधेचं आणि काकाचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुला काकाला सोडवायचंय, की खरं काय ते शोधायचंय?" मी म्हटलं, दोन्ही. "मग आधी दुसरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी टोपात रात्रभर भिजवलेलं कोकमाचं पाणी बाटलीतून नेलं. मॅडमनी त्यात अमोनियाचे थेंब टाकले आणि लाल पाणी निळसर हिरवं झालं. तांबं असलं की निळं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी उडीच मारली. मॅडमनी न बोलता काचेच्या ग्लासात भिजवलेल्या कोकमात तेच थेंब टाकले. तेही निळसर हिरवं झालं. "कोकमाचा रंग आंबटपणा गेला की असाच बदलतो. हा पुरावा नाही," त्या म्हणाल्या. मी तिथेच रडायला लागले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगत आले. आपल्याला हवं ते उत्तर पहिल्या झटक्यात मिळालं की आणखी एक परीक्षानळी काढायची. माझे विद्यार्थी ह्याला कंटाळले होते, हे मला ठाऊक आहे.

मॅडमनी मला बिनरंगाचं पातळ व्हिनेगर दिलं. ते मी रात्रभर अर्धं टोपात आणि अर्धं काचेत ठेवलं. सकाळी टोपातल्याला किंचित हिरवट झाक आली होती. अमोनिया पडताच काचेतलं जसंच्या तसं राहिलं आणि टोपातलं गडद निळं झालं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी बेकरीचं यीस्ट आणायला पाठवलं. साखरेच्या कोमट पाण्यात यीस्ट घालून तीन नळ्या केल्या. एकीत काचेतलं कोकम, दुसरीत टोपातलं कोकम, तिसरीत टोपातलंच कोकम, पण आधी अंड्याच्या पांढऱ्यात घुसळलेलं. तासाभरात पहिली नळी फसफसून वर आली. दुसरी मेल्यासारखी पडून राहिली. तिसरी, जरा उशिरा, पण फसफसली.

"दुसरीत नि तिसरीत तांबं सारखंच आहे," मॅडम म्हणाल्या. "फरक कुठे पडला सांग." मी दोन्ही नळ्या पुन्हा उजेडात धरून बघितल्या. "तांब्याशिवाय तुझ्या शरीरातली एक पेशी धड चालणार नाही, सुमन. पण पेशी ते कधी मोकळं ठेवत नाही. प्रथिनांच्या मुठीत धरून ठेवते, लागेल तेवढंच, लागेल तिथेच. भांड्याच्या भिंतीत घट्ट बसलेलं तांबं बापडं काही करत नाही. साध्या पाण्यात ते फारसं उतरतच नाही. आंबटात विरघळलं की मोकळं होतं, आणि मोकळं तांबं पेशीच्या पटलावर जाऊन ते फाडतं. इथे ते अंड्यातल्या प्रथिनांनी धरलं. धातू एकच, कुठल्या रूपात समोर येतो त्यावर सगळं." मला एकदम सोलातलं खोबऱ्याचं दूध आठवलं. त्यानेही थोडंफार तांबं धरून ठेवलं असतं का? मॅडम म्हणाल्या, "शक्य आहे. करून बघ." ते करून बघण्यात पुढची माझी सगळी नोकरी गेली, असं म्हटलं तरी चालेल. जस्त, तांबं, मँगनीज, त्यांची रूपं आणि पेशी. माझी तक्रार नाही.

त्या दुपारी मी घरी पोचले तर आई मावशीला गावाहून आलेल्या सासरच्यांच्या स्वाधीन करून परत आली होती. जेवणं व्हायची होती. मी सगळ्यांच्या मध्ये दोन ग्लास मांडले, दोन्हींत व्हिनेगर, एकात काचेतलं, एकात टोपातलं, आणि बाबांच्या हातात अमोनियाची बाटली दिली. "तुमीच घाला." वासाने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. थेंब पडले. एक ग्लास निळा झाला. मग रंगखात्यातले तुकारामदादा ग्लास उजेडाकडे धरून म्हणाले, "अरे, ह्यो रंग मी ओळखतंय! मोरचुदात अमोनिया पडल्यार असोच होता. सगळ्यांनी मोरचूद प्यायलंव आमी!" मोरचूद म्हणजे तांब्याचाच निळा क्षार.

गणपतने कळशीतल्या पाण्याचा प्रश्न विचारलाच. ह्या वेळी मला उत्तर देता आलं, आणि मी ते दिलं, जरा जास्तच लांबवून. आई पदराने तोंड पुसत होती. बाबांनी टोप मांडीवर घेतला. आतून हात फिरवला. सगळ्यांना ठाऊक होतं तो कोण घासत होतं. तेच बोलले. "कल्हय मी काढलंय. कोकमां मीच घातलंय. माझ्या हातान झाला ह्या सगळा." मग टोप खाली ठेवून चपला घातल्या. मला म्हणाले, "चल, प्रभादेवीक."

जाताना ते इतके भरभर चालत होते, की मी अर्ध्या वाटेत धावतच होते. काका जिन्याच्या पायरीवर बसला होता, दाढी वाढलेली. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले, तिथल्या चार माणसांच्या देखत, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टोप, कल्हई, वीट, चिंच. काकाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कल्हय जाईपर्यंत घासलंस? हात नाय दुखले तुजे, दादा?" आणि बाबा हसायला लागले. मी त्यांना त्या वर्षात तसं हसताना पाहिलं नव्हतं. काका हसला, मीही हसले, आणि माझ्या छातीवरून काहीतरी जड उतरल्यासारखं झालं. इतकं हलकं मला नंतर कुठल्याच निकालाच्या दिवशी वाटलं नाही. काकाला रस्त्यात गाठायला निघालेले जे होते, त्यांना गणपतने स्वतः जाऊन समजावलं. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

घरी आलो तेव्हा आईने पानं घेतली होती. सगळे बसले. काका मात्र ताटाला हात लावेना. आई म्हणाली, "जेव रे बाळा, बरणीतला आसा सोल." कुणीतरी हसलं. काका हसला नाही. तो खाली बघत बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"विष मी घातलेलंय नाय, दादा. पण त्या दिवशी मी गेटार गेल्लंय. नाव देवूक गेल्लंय."

गणपतने मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईच्या हातातून भाताचं पातेलं घेतलं.

"ता माका ठावक आसा," ते म्हणाले. "आधी जेव."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या पानात भात वाढला, त्यावर आमटी ओतली, आणि तो पहिला घास घेईपर्यंत पातेलं हातात धरून त्याच्यासमोर बसून राहिले.